बाथरूमची जुनी फरशी: फोडायची की सांधे भरून भागेल?

बाथरूमची फरशी काळवंडली, कोपऱ्यात पाणी साचू लागले की घरात पहिला विचार येतो तो सगळे फोडून नवीन टाइल्स बसवण्याचा. चार बाय सहा फुटांच्या लहानशा बाथरूमलाही त्यात मजुरी, सिमेंट, वाळू आणि राडारोडा उचलण्याचा खर्च येतो. शिवाय आंघोळीची सोय काही दिवस दुसरीकडे पाहावी लागते. पण बऱ्याचदा खराब झालेली असते ती टाइल नाही, दोन टाइल्समधला सांधा. चांगली बसवलेली ग्लेज्ड टाइल अनेक वर्षे टिकते. तिच्या कडेने भरलेले व्हाइट सिमेंट तेवढे टिकत नाही.

रत्नागिरीत हा फरक जास्तच जाणवतो. इथे वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात बाथरूम धड वाळतच नाही. जुन्या घरांचे जोते आणि भिंती जांभ्या चिऱ्याच्या असतात. जांभा सच्छिद्र असल्यामुळे सांध्यातून मुरलेले पाणी भिंतीत चढते आणि शेजारच्या खोलीच्या रंगाला पोपडे येतात. फ्लॅटमध्ये तेच पाणी खालच्यांच्या छतावर डाग होऊन उमटते, मग प्रश्न फरशीपुरता राहत नाही.

रील्समधले स्टिकर इथे का टिकत नाहीत?

जुन्या टाइलवर नक्षीचे स्टिकर चिकटवले किंवा रंग मारला की तासाभरात बाथरूम नवे दिसते, असे व्हिडिओ खूप फिरतात. त्यातले बरेच अशा घरांतले असतात जिथे आंघोळ टबात किंवा काचेच्या कप्प्यात होते आणि बाकीची जमीन कोरडी असते. आपल्याकडे बादली-तांब्याची आंघोळ थेट जमिनीवर होते, कपडेही तिथेच धुतले जातात. रोजच्या पाण्याने आणि साबणाने स्टिकरच्या कडा सुटतात, खाली पाणी शिरते आणि बुरशी धरते. रंगाचेही तसेच, विशेषतः नहाणीच्या जाळीभोवती. भाड्याच्या घरात वर्षभर निभावून न्यायचे असेल तर ठीक, एरवी ते पैसे वाया.

आधी तपासणी, मग खर्च

पहिली तपासणी आवाजाची. लाकडी दांड्याने किंवा नाण्याने प्रत्येक टाइलवर ठकठक करावे. भरीव आवाज आला तर टाइल पक्की. पोकळ आवाज आला तर खालचा मसाला सुटला आहे. दोन-चार टाइल्स पोकळ असतील तर तेवढ्याच काढून बसवता येतात.

दुसरी उताराची. बादलीभर पाणी ओतून ते कुठे रेंगाळते ते पाहावे. साधारण एका मीटरला एक ते दीड सेंटीमीटर उतार जाळीकडे हवा.

तिसरी गळतीची. जाळीचे तोंड कापडाचा बोळा आणि प्लास्टिकने बंद करून जमिनीवर इंचभर पाणी 24 तास ठेवावे, भिंतीवर पातळीची खूण करावी आणि फ्लॅट असेल तर खालच्यांना आधी सांगावे. त्यांच्याकडे आधीच पाणी ठिबकत असेल तर मात्र हा प्रयोग करू नये. आंघोळीनंतरच ठिबकत असेल तर संशय फरशीवर किंवा जाळीच्या ट्रॅपवर घ्यावा. बाथरूम दिवसभर बंद असतानाही ठिबकत असेल तर बहुधा पाण्याची लाइनच गळते आहे आणि तिथे फरशीवर केलेला कोणताही खर्च उपयोगाचा नाही. आधी प्लंबर.

अॅसिडने फरशी उजळते की झिजते?

फरशी स्वच्छ करायला अजूनही अनेक घरांत अॅसिडची बाटली येते. जमीन क्षणात उजळते खरी, पण हायड्रोक्लोरिक आम्ल सांध्यातले सिमेंट खाते. दरवर्षी अॅसिड मारलेल्या बाथरूमचे सांधे पोकळ होतात ते यामुळेच. जुन्या कोकणी घरात न्हाणीघराला शहाबादी फरशी असते आणि शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, आम्लात विरघळणारा. मोजेकमध्ये संगमरवराची खडी असते, तिचेही तेच. फरशी कसली हे कळत नसेल तर कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून पाच मिनिटे थांबावे. बुडबुडे आले किंवा चकाकी गेली तर तिथे अॅसिड, व्हिनेगर, चिंच, आमसूल काहीही लावू नये.

साध्या मळासाठी गरम पाणी आणि कपडे धुण्याची पावडर पुरते. वीस मिनिटे भिजू द्यावे आणि नायलॉनच्या ब्रशने घासावे. तारेचा ब्रश चरे पाडतो. सांध्यातल्या काळ्या बुरशीवर ब्लीच चालते, पण ब्लीच आणि अॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्येही आम्लच असते. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो आणि लहानशा बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. बाथरूमचे पाणी परसातल्या केळींना किंवा माडाला सोडलेले असेल तर त्या दिवसापुरते ते दुसरीकडे वळवावे.

सांधे भरणे: खरा स्वस्त उपाय

चार बाय सहा फुटांत एक फुटी टाइल्स असतील तर मधले सांधे 38 फूट आणि भिंतीलगतचे 20 फूट, म्हणजे एकूण 58 फूट. तीन मिलिमीटर रुंद आणि आठ मिलिमीटर खोल सांध्याला एक किलो ग्राउट पुरते. साधे सिमेंटचे ग्राउट स्वस्त असते. इपॉक्सी ग्राउट कित्येक पट महाग, पण पाणी शोषत नाही आणि सहसा काळे पडत नाही. पैसे थोडेच असतील तर नहाणीची जागा आणि जाळीभोवती इपॉक्सी, बाकी ठिकाणी साधे, अशी विभागणी शहाणपणाची. इपॉक्सी कालवल्यावर लवकर घट्ट होते, म्हणून थोडे थोडेच कालवावे.

काम बिघडते ते घाईने. जुन्या मळक्या सांध्यावर नुसता पांढरा हात फिरवला तर तो काही दिवसांत सुटतो. जुना मसाला हेक्सा ब्लेडने किंवा बारीक छिन्नीने निदान दोन-तृतीयांश खोलीपर्यंत काढावा, धूळ झाडावी, मगच ग्राउट दाबून भरावे. ते थोडे आवळल्यावर ओल्या स्पंजने पुसावे. किमान 24 तास, जमल्यास दोन-तीन दिवस पाणी टाकू नये. भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंट चिरते, तिथे सिलिकॉन भरलेले बरे. सगळे सुकल्यावर इंचभर पाण्याची चाचणी पुन्हा घ्यावी.

टाइल्स बदलायच्याच असतील तर

निम्म्याहून अधिक टाइल्स पोकळ असतील किंवा उतारच उलटा असेल तर फोडण्याला पर्याय नाही. जुन्या पक्क्या टाइल्सवर नव्या चिकटवता येतात, मात्र जमीन साधारण बारा मिलिमीटर वर येते. दार खालून तासावे लागते आणि उंबरा बुटका असेल तर पाणी बाहेर येते. लहान जागेसाठी दुकानात उरलेल्या पेट्या स्वस्तात मिळतात. शेड नंबर सगळ्या पेट्यांवर एकच आहे ना ते पाहावे आणि दहा टक्के टाइल्स जास्त घ्याव्यात. दोन फुटी गुळगुळीत टाइलपेक्षा एक फुटी खडबडीत टाइल उताराला नीट बसते आणि पायालाही पकडते. नुसते ‘मॅट’ लिहिले म्हणून ती घसरत नाही असे नाही. नमुना ओला करून त्यावर पाय घासून पाहावा, घरात म्हातारी माणसे असतील तर नक्कीच.

उरतो प्रश्न मुहूर्ताचा. गणपतीला चाकरमानी येणार म्हणून श्रावणात काम काढले जाते आणि तोच काळ सर्वांत वाईट. जमीन ओली असते आणि ओल्या सांध्यात इपॉक्सी किंवा सिलिकॉन नीट धरत नाही. चतुर्थीआधी नुसती घासाघीस करून रबरी मॅट टाकावी, ती रोज उचलून वाळवावी आणि सांध्यांचे काम दिवाळीनंतर काढावे.