भाड्याच्या घराला ‘वॉरंटी’चे कवच कितपत उपयोगी?

गुंतवणूक म्हणून घेतलेली सदनिका भाड्याने दिली की दरमहा ठरावीक उत्पन्न सुरू होते. त्याबरोबर गिझर बंद पडल्याच्या, न्हाणीघरातील गळतीच्या तक्रारीही येऊ लागतात. अशा खर्चांवर उपाय म्हणून अमेरिकेत ‘होम वॉरंटी’ घेण्याची पद्धत आहे. वार्षिक शुल्क भरल्यावर घरातील यंत्रणा वा उपकरणे बिघडल्यास कंपनी कारागीर पाठवते. त्याच्या प्रत्येक भेटीचे शुल्क मात्र वेगळे असते. हा विमा नसून सेवाकरार असतो. आपल्याकडे असे एकछत्री कवच रुळलेले नाही. विकासकाची कायदेशीर जबाबदारी, उपकरणांची वाढीव वॉरंटी, वार्षिक देखभाल करार आणि गृहविमा मिळून त्याची जागा भरून काढतात. यांपैकी नेमके कशासाठी पैसे मोजावेत, हे घरमालकाने आधी तपासणे हिताचे ठरते.

विनामूल्य मिळणारी हमी

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अर्थात ‘रेरा’ कायद्याच्या कलम १४(३) नुसार, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत इमारतीच्या रचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष खरेदीदाराने निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. तसे न केल्यास खरेदीदार नुकसानभरपाईस पात्र ठरतो. मात्र ही तक्रार सदनिका खरेदी करणाऱ्याने करावयाची असते. घरात राहणाऱ्याने भिंतीला आलेली ओल दूरध्वनीवर सांगितली आणि मालकाने ती मनावर घेतली नाही, तर मुदत निघून जाते. म्हणून छायाचित्रांसह लेखी तक्रार विकासकाकडे पाठवून तिची पोच जपून ठेवावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून किंवा बाहेरील सामाईक वाहिन्यांमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. सदनिकेतील नळ, बेसिन, शौचालय यांमुळे होणारी गळती सदनिकाधारकाकडे येते. त्यामुळे गळतीसाठी कोणताही करार विकत घेण्यापूर्वी तिचे मूळ शोधावे.

विमा आणि देखभाल करार

१ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित विमा योजना आग, भूकंप, पूर, वादळ तसेच पाण्याची टाकी वा वाहिनी फुटणे अशा आपत्तींपासून संरक्षण देते. वापराने होणारी झीज तिच्या कक्षेत येत नाही. जुना गिझर बंद पडणे हा विम्याचा विषय नव्हे. पण आगीत घर भस्मसात होणे हा नक्कीच आहे. जो खर्च एकट्याने पेलणार नाही, त्याचाच विमा उतरवणे शहाणपणाचे.

देखभाल कराराचे गणित निराळे आहे. वातानुकूलन यंत्र वा जलशुद्धीकरण यंत्रासाठी करार करताना त्यात सुटे भाग समाविष्ट आहेत की केवळ सेवा, हे पाहावे. कराराचे वार्षिक शुल्क आणि नव्या उपकरणाची किंमत यांचीही तुलना करावी.

करआकारणीचा मुद्दाही दुर्लक्षिला जातो. घरभाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा भरलेला कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीखर्च कितीही असो. समजा, ही उरलेली रक्कम वर्षाला ३ लाख रुपये आहे. मग वजावट ९० हजारांचीच राहते. देखभाल करारावर १० हजार रुपये खर्च केले, तरी त्यांची वेगळी वजावट मिळत नाही. ते सरळ मालकाच्या खिशातून जातात.

करारनाम्याचे बळ

दुरुस्ती कोणी करावयाची, हा वाद कोणत्याही वॉरंटीने मिटत नाही. तो करारनाम्याने मिटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार तसेच ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ही जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे ‘किरकोळ दुरुस्ती तुम्हीच करायची’ ही तोंडी बोली वाद उभा राहिल्यावर फारशी कामास येत नाही. किती रकमेपर्यंतची दुरुस्ती राहणाऱ्याने करावी, उपकरणे कोणत्या स्थितीत सोपवली आणि अनामत रकमेतून काय वळते होईल, हे करारातच नमूद करावे. ताबा देतानाची छायाचित्रे सोबत ठेवावीत.

मग देखभाल करार निरुपयोगीच का? तसे नाही. परगावी वा परदेशी राहणाऱ्या मालकाला हाकेसरशी येणारा कारागीर मिळणे, हेच त्याचे खरे मोल असते. घर आणि उपकरणे जुनी असतील, तर या सोयीची गरज आणखी वाढते. त्याच शहरात राहणाऱ्या, ओळखीचा प्लंबर व वायरमन असलेल्या मालकाने मात्र वर्षाकाठी एका महिन्याचे भाडे दुरुस्तीसाठी बाजूला काढावे. ज्या वर्षी काही बिघडत नाही, त्या वर्षी कराराचे शुल्क परत मिळत नाही. बाजूला ठेवलेली रक्कम मात्र शिल्लक राहते.