फितीवरचे मौखिक वाङ्मय

१९६३ साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली आणि ध्वनिमुद्रण हळूहळू घरच्या बैठकीत आले. कविसंमेलने, व्याख्याने, आजीच्या ओव्या असे कितीतरी मौखिक वाङ्मय आज त्या अरुंद फितीवरच उरले आहे. आणि तिचे चुंबकीय लेपन झिजते आहे. मार्ग साधा आहे : स्टिरिओच्या ‘लाइन आउट’मधून तार संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये. माइकच्या छिद्रात ती खुपसली तर आवाज फाटतो, कारण तेथील प्रवर्धन क्षीण संकेतासाठी योजलेले असते. १९८२च्या सीडीने रूढ केलेले सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे प्रमाण भाषणाला पुरून उरते. खरखर मात्र मूळ प्रतीतून पुसू नये. संहिता सिद्ध करताना आपण पोथी खरवडत नाही. माझ्या पहिल्या फितीत ओव्यांमागे कुकरची शिट्टी आहे. ती मी ठेवली.