कॅथलीन लॉन्सडेल : सपाट बेंझिन आणि घरातली आकडेमोड

बेंझिनच्या रेणूतील सहा कार्बन अणू वलयाकार जोडलेले असावेत, असे केक्युले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६५ साली मांडले. मात्र ते वलय सपाट आहे, की हिऱ्यातील कार्बनप्रमाणे वरखाली दुमडलेले, यावर पुढील सहा दशके वाद चालू राहिला. १९२९ साली त्याचा निकाल लावला तो लीड्स येथील कॅथलीन लॉन्सडेल या विशीतील संशोधिकेने.

जन्म १९०३, आयर्लंड. दहा भावंडांत धाकट्या. पुढे कुटुंब इंग्लंडला आले. मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवीत नसत, म्हणून त्या वर्गांसाठी त्या मुलांच्या शाळेत जात. १९२२ साली पदवी परीक्षेतील त्यांचे यश पाहून विल्यम हेन्री ब्रॅग यांनी त्यांना आपल्या संशोधनगटात घेतले.

स्फटिकावर क्ष-किरण सोडले की आतील अणूंच्या नियमित रांगांमुळे ते ठरावीक दिशांनाच विखुरतात आणि फिल्मवर ठिपके उमटतात. ठिपक्यांच्या जागांवरून स्फटिकाच्या मूलभूत पेटीचे माप कळते. अणू त्या पेटीत कोठे बसले आहेत हे मात्र ठिपक्यांच्या तीव्रतेतून काढावे लागते. संगणकापूर्वीच्या त्या काळात ही आकडेमोड महिनोन्‌महिने चाले. लॉन्सडेल यांनी हेक्झामिथाइलबेंझिनचे स्फटिक निवडले. त्याच्या पेटीत एकच रेणू असतो, त्यामुळे गणित आटोक्यात राहिले. उत्तर निःसंदिग्ध आले : वलय सपाट होते.

१९२७ साली त्यांचा विवाह झाला होता. संशोधन सोडून संसार पाहावा, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. फुकटची गृहिणी मिळावी म्हणून आपण लग्न केले नाही, असे सांगून पती थॉमस यांनी तो मोडून काढला. १९२९ ते १९३४ या काळात तीन मुले झाली. तेव्हा प्रयोगशाळा सुटली, पण कागद-पेन्सिलीचे गणित घरी करता येत होते. घरकामाला मदतनीस ठेवता यावी म्हणून ब्रॅग यांनी पैशांची तजवीज केली. चरित्रकार हा तपशील ओझरता सांगतात. वास्तविक या कारकिर्दीचा तोच कणा होता. त्या परतल्या तेव्हा क्ष-किरणांचे उपकरण मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी एका जुन्या विद्युत्‌चुंबकावर स्फटिकांचे चुंबकीय गुणधर्म मोजण्यास घेतले. १९३६ साली स्फटिकशास्त्रज्ञांसाठी सूत्रांचा ग्रंथ निघाला. तो त्यांच्याच हस्ताक्षरात छापला गेला.

क्वेकर पंथाच्या शांततावादी श्रद्धेमुळे त्यांनी युद्धकाळात नागरी संरक्षणासाठी नाव नोंदवले नाही आणि दोन पौंडांचा दंडही भरला नाही. १९४३ साली त्यांना हॉलोवे तुरुंगात एक महिना काढावा लागला.

दोनच वर्षांनी त्या आणि मार्जरी स्टीफन्सन रॉयल सोसायटीच्या पहिल्या स्त्री-सदस्य झाल्या. विद्यापीठातील स्थिर पद मात्र त्यानंतर, १९४६ साली, वयाच्या ४३व्या वर्षी मिळाले.