सागराविना उभा राहिलेला सागरकडा

(१) सांगली जिल्ह्यातील कुंडल गावाजवळच्या डोंगरात झरी पार्श्वनाथाचे लेणे आहे. ‘झरी’ हे नाव कातळातून झिरपणाऱ्या पाण्याचेच. भाविकांना त्यात देवावरचा अभिषेक दिसतो. सह्याद्रीचा पश्चिम कडा कसा घडला, या जुन्या वादाचे उत्तरही त्याच पाण्यात आहे.

(२) कुंडलच्या पश्चिमेला, सातारा जिल्ह्याच्या कडेला पठार एकाएकी संपते आणि शेकडो मीटरचा कडा कोकणात उतरतो. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी कथा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. इंग्रजी अमदानीतील काही भूवैज्ञानिकही वेगळ्या वाटेने याच तर्काला पोहोचले: हा कडा म्हणजे अरबी समुद्राने कोरलेला प्राचीन किनारा असावा.

(३) तर्क अगदीच निराधार नव्हता. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लाटा कड्याच्या पायथ्याला खाच पाडतात. खारे पाणी, ऊन आणि पाऊस वरच्या भेगा रुंदावतात. अधांतरी राहिलेला भाग कोसळतो, लाटा तो ढीग वाहून नेतात आणि कडा मागे सरतो. सह्याद्रीचे रूप हुबेहूब असेच भासते.

(४) परंतु सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला आहे. काही थर टणक, काही ठिसूळ व सच्छिद्र. मधूनमधून तांबड्या मातीसारखे पातळ पट्टे. पावसाचे पाणी उभ्या भेगांतून उतरते, अशा पट्ट्याशी अडते आणि आडवे झिरपू लागते. कुंडलच्या कातळातही पाणी असेच भेगांतून वाट काढते.

(५) ठिसूळ थर आधी कुजतो. त्यावरच्या टणक खडकाचा आधार सुटतो आणि तो खाली येतो. किनाऱ्यावर जे काम लाट बाहेरून करते, ते येथे झिरपते पाणी आतून करते. पडलेला राडारोडा सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या नद्या पावसाळ्यात समुद्राकडे नेतात.

(६) मग समुद्राचा वाटा किती? कड्याच्या पायथ्याशी प्राचीन किनाऱ्याचे थर सापडत नाहीत. उलट माथेरान, प्रबळगड, रायगड हे मुख्य रांगेपासून तुटलेले, त्याच लाव्ह्याचे डोंगर कोकणात उभे आहेत. पठार एकेकाळी तेथवर पसरले होते. पश्चिमेकडील भूभाग भारतापासून विलग झाल्यावर जमिनीला उभी कडा आली आणि झीज व दरडींमुळे ती पूर्वेकडे सरकत गेली, अशी आजची बहुमान्य मांडणी आहे.

(७) हा इतिहास संपलेला नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे आणि महाड तालुक्यातील तळिये येथे दरडींनी घरे गाडली. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असेच गडप झाले होते.

(८) अशा ठिकाणी टणक कातळावर झिजलेल्या खडकाची जाड माती साचलेली असते. ती पाण्याने पूर्ण भिजली की जड होते, तिची पकड सुटते आणि उतारच चालू लागतो. जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा आटणे, या त्याच्या पूर्वखुणा होत.

(९) मग माणसे तेथे का राहिली? कारण डोंगरउतारावर शेतीजोगी माती आणि बारमाही झरा जेथे मिळतो, ती जागा बहुधा याच झिजेने व जुन्या दरडींनी घडवलेली असते. ज्या घडामोडीने गावाला पाणी आणि भात दिला, तीच त्याच्या माथ्यावर अजून चालू आहे. पुनर्वसनाची जागा निवडताना हा इतिहासही नकाशाइतकाच वाचला गेला पाहिजे.