घर्मग्रंथींचा कर्करोग : वरवरची तपासणी फसवी
घर्मग्रंथींशी संबंधित कर्करोगांपैकी ‘मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा’ या दुर्मीळ प्रकाराचे वर्णन प्रथम १९८२ मध्ये झाले. चेहऱ्यावर, विशेषतः वरच्या ओठाजवळ, त्वचेच्याच रंगाचा कडक चट्टा उमटतो आणि वर्षानुवर्षे संथपणे वाढत राहतो. सहसा दुखत नसल्याने रुग्ण त्याकडे दुर्लक्ष करतो. खरी फसगत मात्र बायोप्सीत होते. वरवरच्या तुकड्यात केराटिनच्या लहान पुटिका तेवढ्या दिसतात आणि निरुपद्रवी गाठ असल्याचा निष्कर्ष निघतो. पेशींच्या बारीक रांगा व घर्मनलिकांसारख्या रचना त्याखाली असतात. मज्जातंतूंभोवतीचा शिरकाव तर आणखी खोल. त्यामुळे त्वचेखालील चरबीपर्यंतचा तुकडा तपासणे आवश्यक ठरते. चट्ट्याच्या जागी बधिरपणा जाणवत असल्यास किंवा मुंग्या येत असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.