शाकंभरी : एका नावाचा अर्थ

‘शाकंभरी’ हे नाव ‘शाक’ हा शब्द आणि ‘भृ’ हा धातू यांपासून बनले आहे. ‘विश्वंभर’ची घडणही अशीच. भृ म्हणजे धारण करणे आणि पोसणेही. शाक म्हणजे नुसती पालेभाजी नव्हे. पाने, फुले, फळे, कंदमुळे हे सारे त्यात येते. तेव्हा भाजीपाल्यावर जगाला पोसणारी ती शाकंभरी.

नाव एकच राहिले, त्यामागची कथा मात्र ग्रंथागणिक बदलली. महाभारताच्या वनपर्वात शाकंभरी हे तीर्थ आहे. तिथे देवीने हजार दिव्य वर्षे महिन्यामहिन्याने केवळ शाक खाऊन तप केले आणि दर्शनाला आलेल्या ऋषींचे आतिथ्यही शाकानेच केले, म्हणून हे नाव पडले. इथली देवी तपस्विनी आहे. घरात जे आहे तेच पाहुण्याच्या पानात वाढणारी. देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात चित्र पालटते. शंभर वर्षे पाऊस नसेल तेव्हा आपल्याच देहातून उगवलेल्या शाकांनी, पाऊस येईपर्यंत, सर्व लोकांना पोसण्याचे वचन देवी देते. भाजी आता बाहेरून आणलेली नाही; देवीचे अंग हेच शेत झाले आहे. ‘भृ’चे धारण आणि पोषण हे दोन्ही अर्थ इथे एकत्र येतात, म्हणून नावाला सर्वांत जवळची कथा हीच. देवीभागवताने तिला करुणेची जोड दिली: दुष्काळाने होरपळलेली माणसे पाहून शंभर डोळ्यांची देवी नऊ रात्री रडली आणि त्या अश्रूंचाच पाऊस झाला.

राजस्थानात चौहानांची जुनी राजधानी शाकंभरी, म्हणजे आजचे सांभर, याच नावाची. कर्नाटकात बदामीजवळ हीच देवी बनशंकरी म्हणून पुजली जाते. ‘बन’ म्हणजे वन. महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांची ती कुलदेवता आहे. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत तिचे नवरात्र असते आणि तुळजापुरातही ते साजरे होते. थंडीचे हे दिवस भाजीपाल्याच्या सुगीचे. बनशंकरीला या उत्सवात 108 भाज्यांचा नैवेद्य दाखवतात. वांगी, घेवडा, मेथी, गाजर, ओला हरभरा अशा रोजच्या भाज्या त्या दिवसांत घरोघरच्या ताटांतूनही देवीपुढे येतात.