ऐंशी रकाने आणि ‘सावर्डे’: स्क्रीनच्या रेझोल्यूशनचा थोडा इतिहास

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की फेलोशिपच्या पहिल्या पैशांतून बरेच जण लॅपटॉप घेतात. मग प्रश्न पडतो: कोडिंगसाठी रेझोल्यूशन किती हवं? दुकानदार १३६६ × ७६८ आणि १९२० × १०८० असे आकडे सांगतो. हे आकडे आले कुठून, ते कळलं की निवड सोपी होते. शिवाय संशोधनाची एक सवय लागते: जे ‘मुळातच असं असतं’ असं वाटतं, त्याची जन्मतारीख शोधायची.

कार्ड गेलं, रकाने राहिले

आयबीएमनं १९२८ मध्ये ८० रकान्यांचं पंचकार्ड आणलं. पुढे पडदे आले, पण मोजमाप तेच राहिलं. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर ८० रकाने आणि २४ ओळी होत्या, १९८१ च्या आयबीएम पीसीवर ८० आणि २५. आजही पायथनची लेखनशैली सांगणारा पेप-८ एका ओळीत ७९ अक्षरांची मर्यादा घालतो. म्हणजे आपण अजून कार्डाच्याच रुंदीत कोड लिहितोय!

आता गणित बघा. त्या पीसीच्या एकरंगी पडद्यावर एका अक्षराला ९ ठिपके रुंद, १४ ठिपके उंच असा चौकोन मिळे. ८० × ९ = ७२० आणि २५ × १४ = ३५०. पडदा ७२० × ३५० चा होता. रंगीत सीजीए कार्डावर चौकोन ८ × ८ चा, म्हणून ६४० × २००. रेझोल्यूशन म्हणजे मुळात ‘किती अक्षरं, आणि एका अक्षराला किती ठिपके’ याचा गुणाकार. फक्त ते अक्षर रोमन होतं, हे कोणी सांगत नाही.

आपल्या अक्षराचं काय?

चिपळूण तालुक्यातल्या ‘सावर्डे’ गावाचंच नाव घ्या. शेवटच्या अक्षरात शिरोरेषा, तिच्यावर रफार, शेजारी मात्रा आणि खाली ‘ड’चं पोट. आठ ठिपक्यांच्या उंचीत हे सगळं कोंबणं म्हणजे रिक्षात लग्नाचं वऱ्हाड बसवणं. रुंदीचीही अडचण आहेच. वाचणाऱ्याला सा-व-र्डे अशी तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये ती सात चिन्हं होतात आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. एक बाइट, एक चिन्ह, एक चौकोन हा रोमन हिशेब इथे मोडतो. आजही अनेक टर्मिनलमध्ये मराठी मजकूर वेडावाकडा दिसतो, त्याचं मूळ इथे आहे.

यावर १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये काम झालं. मोहन तांबे त्यातले एक प्रमुख. तेच ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. पीसीत एक जादा कार्ड बसवायचं, की डीबेस, वर्डस्टारसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसू लागे. नंतर विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ फाँट आला आणि वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही.

१३६६ हा विचित्र आकडा

१०२४ × ७६८ हा जुना ४:३ पडदा. त्याची उंची तशीच ठेवून १६:९ रुंदी काढली तर १३६५.३३ येते, म्हणून १३६६. सिनेमाला रुंदी मिळाली, पण कोड तर वरून खाली वाढतो! एका ओळीला १६ पिक्सेल धरले तर ७६८ मध्ये ४८ ओळी बसतात, १०८० मध्ये ६७. मात्रा-उकारांसाठी ओळ २२ पिक्सेलची केली तर ३४ आणि ४९. एडिटरच्या पट्ट्या यातूनच जागा खातात.

मग घ्यायचं काय? माझ्या मते आज १९२० × १०८० ही किमान पातळी समजावी. १६:१० चा १९२० × १२०० मिळत असेल तर उत्तम, कारण वाढ उंचीत आहे. पण एक लक्षात ठेवा: १२५ टक्के स्केलिंग केलं की १०८० चे प्रत्यक्षात ८६४ होतात. ३८४० × २१६० चा पडदा २०० टक्क्यांवर वापरला तर जागा १९२० × १०८० इतकीच, फक्त अक्षर रेखीव होतं. बजेट मर्यादित असेल तर तो फरक रॅममध्ये घाला.

रेखीवपणा चैनीची गोष्ट आहे का? मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी इतकं अंतर आहे, आणि ते पेलतात मोजके पिक्सेल. कॉर्पस तपासताना ते धूसर दिसले तर चूक थेट विदेत जाते.

आणि इथेच पडद्याची मर्यादाही येते. ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक सापडतं, दुसरं निसटतं. कितीही पिक्सेल वाढवले तरी हा फरक डोळ्यांना दिसणार नाही, तो कोडनंच तपासावा लागतो. तेव्हा दुकानात जाल तेव्हा जाहिरातीतलं चित्र बघू नका. एडिटर उघडा, ‘सावर्डे’ आणि ‘आचाऱ्यास’ टाइप करा, आणि नेहमीच्या अंतरावरून वाचून बघा.